घिझलानचं बाळ तिच्या कुशीत होतं

कासाब्लांका

यम्मा,

तुझ्या हातांचे मुके घेते. बाळ बरं आहे, आधी हेच वाच.

जन्मल्यावर त्याला ताप आला, धाप लागली, म्हणून सात दिवस काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरीण म्हणाली, "जंतू तुझ्याच अंगात होते गं. तुला त्रास नाही, पण बाळंत होताना बाळाला लागण झाली."

शेजारच्या खाटेवरच्या घिझलानच्या अंगातही तेच जंतू होते. पण तिची आधीच तपासणी झालेली, त्यामुळे कळा सुरू होताच तिला सलाइनमधून औषध मिळालं. माझी तपासणी कुणी केलीच नाही.

बाळ तिच्या कुशीत, तिची आई तिला बाळंतिणीच्या बदाम-पिठाच्या सल्लूचे घास भरवतेय, आणि मी रिकाम्या हातांनी बघतेय. यम्मा, इतकी जळले की तिच्या बाळालाही एकदा ताप यावा असं वाटलं. हे फक्त तुला सांगते.

धाकटीला नववा लागला ना? तिला घाबरवू नकोस, पण तपासणी करून घे.

काल माझा लेक मांडीवर आला. समोरच्या बाईचं बाळ सकाळीच पेटीत नेलं होतं. ती टक लावून बघत होती. मी भिंतीकडे तोंड करून त्याला पाजलं.

तुझी थोरली,
इत्तो