लाल दोरा बांधलेला बर्च

मी, आउने राउतिओला, वय ७९, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार कुरेलाहती. मला दिसते कमी, पण डोके ठिकाणावर आहे. कोणीही न सांगता, कोणाच्या दडपणाखाली न येता मी पुढीलप्रमाणे लिहून ठेवते.

१. बँकेतील शिल्लक भाची सिर्का हिला द्यावी. भिंगे आणि टाचण्यांना लावलेले पतंग-किडे संग्रहालयाला. त्यांनी नाही म्हटले तर पुन्हा विचारावे, ते आळशी आहेत.

२. घर, सॉना म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, व आवार माझा धाकटा भाऊ ताइस्तो यास मिळावे. अनेकांच्या भुवया उंचावतील, कारण तळ्यापलीकडे राहणाऱ्या या भावाशी मी तेवीस वर्षे बोललेले नाही.

सॉनामागच्या बर्चच्या झाडावर मला एक नखाएवढा, जांभळट सोनेरी पतंग सापडला होता. त्याची अळी पानाच्या दोन पदरांमधला गर खाते, पान फुगून तपकिरी होते, मग ती मातीत उतरते. गावात ही जात दुसरीकडे कुठेच नव्हती. अळ्या पाळायच्या म्हणून त्या असलेल्या फांद्यांना मी खुणेचा लाल दोरा बांधला. १९९६ च्या युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाला ताइस्तोने नेमक्या त्याच फांद्या तोडून सॉनात अंग झोडपायच्या जुड्या बांधल्या. मीही मजेत पाठ झोडपून घेतली. मग खांद्याला चिकटलेले फुगीर, तपकिरी पान पाहिले.

"गाढवा, माझ्या अळ्या होत्या त्यात!"

"ताई, दोरा तूच बांधलास ना?"

"पानं किडकी दिसली नाहीत तुला?"

"दिसली की! पण बोललो असतो तर खाल्लं असतंस मला."

आमचे बाबा जुडीसाठी निवडलेल्या फांद्यांना लाल दोराच बांधत. हे मला तिथेच, बाकावर बसल्या बसल्या आठवले होते. तरी ते कबूल न करता मी दोष त्याच्या माथी मारला. चूक माझी होती. मला त्याची फार लाज वाटते.

३. वरच्या फांद्यांवर अजून चार-दोन पाने फुगतात. झाड तोडू नये, खालची माती खणू नये, अशी अट वकिलाने घातली होती. ती मी खोडली आहे. ताइस्तोला अट लागत नाही, नीट सांगावे लागते.

४. हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबवू नये. पोस्टमनने याची प्रत आजच तळ्यापलीकडे पोचवावी. येत्या शनिवारी पाच वाजता सॉना तापलेली असेल. ताइस्तोने यावे. जुडीसाठी डहाळ्या त्यानेच तोडाव्यात, त्याला हव्या त्या झाडाच्या.

सही: आउने राउतिओला
कुरेलाहती, ११ जून २०१९

आमच्यासमक्ष सही झाली. यातून आम्हांस काही मिळत नाही:
केर्त्तु अल्होनेन, शेजारीण
यालमारी पुओत्तिला, पोस्टमन