नकाशावर खूण केलेलं घर

कुह्मो, १९ सप्टेंबर

प्रिय मेर्वी,

तू बरी असशील, थंडीचे बूट आणले असशील आणि वेळेवर जेवत असशील असं धरून चालते, कारण विचारलं तर तू "हो गं आई" एवढंच म्हणतेस. इकडे पहिलं दव गोठलं. बटाटे काढून झाले. रानात लिंगनबेरीची लाल फळं उदंड आहेत, पण वाकायला कंबर कुठून आणू?

तुझ्या नकाशाचं मात्र झकास चाललंय. माझा विणायचा माग तू फोनमधल्या नकाशावर चढवलास, तेव्हा मी म्हटलं होतं, या आडरानात कोण कडमडायला येतंय. येतात गं बाई. अंगणात मोटार थांबते, आतली ती फोनमधली बाई "तुम्ही पोहोचलात" म्हणते, आणि मग बराच वेळ कुणी उतरत नाही. मी खिडकीशी उभी असते. माणसं मांडीवर पिशवी घेऊन बसलेली असतात. गावातले लोक जुने पडदे-चादरी आणून चिंध्यांच्या सतरंज्या विणून घेतात, पण लांबून येणारे मेलेल्यांचे कपडे आणतात. त्या पिशवीत कुणाचा बाप असतो, कुणाची बायको.

रीत मी मोडलेली नाही. ज्याचं माणूस, त्यानेच बाकावर बसून कपड्यांच्या पट्ट्या कापायच्या. मी कॉफी द्यायची आणि कुणाचे कपडे म्हणून विचारायचं नाही.

घर मात्र भरल्यासारखं झालंय. संध्याकाळी विणायला बसले की पाठीमागे कुणीतरी सदऱ्याची बटणं लावत उभं आहे असं वाटतं. हसू नकोस. तुझा बाप असता तर दाराच्या बिजागरीला तेल का घातलं नाही म्हणून एव्हाना ओरडला असता, तेव्हा ताउनो नक्की नाही.

कोण आहे ते मला मंगळवारी कळलं.

चूल बघायला उठले होते. आता लिहिते.

मंगळवारी औलूहून सान्ना नावाची एक बाई आली. चाळिशीची असेल, बोलकी. "रस्ता विचारावासुद्धा लागला नाही हो, नकाशाने थेट दारात आणून सोडलं," म्हणाली. तिने सदरे काढले, विजारी काढल्या, कापत बसली. मग पिशवीतून एक करडा स्वेटर निघाला. कोपरांवर निळी ठिगळं. मेर्वी, ती निळी लोकर अर्ध्यावर संपली होती, म्हणून डाव्या ठिगळाचा खालचा कोपरा मी तुझ्या टोपीच्या लाल लोकरीने पुरा केला होता. तू इतकी लहान होतीस, तुला ती टोपी आठवणार नाही.

वेसाचा स्वेटर. लिहिलं एकदाचं नाव.

तुझा भाऊ गेला, मेर्वी. जूनमध्ये, बंदरावर काम करता करता हृदय बंद पडलं. ही सान्ना त्याची बायको, कापता कापता तिनेच सांगितलं. हे फोनवर सांगायला हवं होतं. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

ताउनो त्याचा सख्खा बाप नव्हता, आणि त्याने ते त्याला कधी विसरू दिलं नाही. घराबाहेर काढलं तेव्हा वेसा एकोणीस वर्षांचा होता. "मी जिवंत आहे तोवर या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही," ताउनो म्हणाला. वेसा "बरं" म्हणाला आणि गेला. आपल्याकडची माणसं दिलेला शब्द पाळतात, मोडायला हवा असतो तो तर हटकून पाळतात. मीही त्याच मातीची. तो लिहील म्हणून मी थांबले, मी लिहीन म्हणून तो थांबला असेल.

सान्नाने स्वेटर माझ्यापुढे धरला. "हा तुम्हीच कापा. माझ्याच्याने होत नाही." रीतीप्रमाणे मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी कात्री घेतली. माणूस माझंही होतं, रीत मोडली नाही, हे तिला कुठे माहीत होतं?

मग मी कधी विचारत नाही ते विचारलं. "माझ्याकडेच कशा आलात?"

"त्याच्या फोनमधल्या नकाशात तुमच्या घरावर हिरवी खूण होती. 'इथे जायचं आहे' म्हणून असते ना, ती. एवढ्या मोठ्या नकाशावर ही एकच. म्हटलं, सतरंजी हवी असेल बिचाऱ्याला. बोलायचा कुठे तो." ती हसली. "तुम्हाला विचारलंसुद्धा होतं त्याने, त्या नकाशावरच, गेल्या वर्षी. हे बघा."

फोन तिने माझ्या हातात दिला. नाव नव्हतं, नुसतं 'औलूचा एक'. खाली लिहिलं होतं, 'माग चालू आहे का? घरधनी घरी असतात का?'

त्याच्याखाली माझं उत्तर. 'माग चालू आहे. घरधनी नेहमी घरीच असतात.'

ताउनोला पुरून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी एकटी बाई, आजूबाजूला रान, आणि कुणी अनोळखी माणूस विचारतोय घरात पुरुष आहे का. दुसरं काय लिहिणार? एकटी राहतेस हे कुणाला कळू देऊ नकोस, असं तू बजावलं होतंस. तुला बोल लावत नाही. तू सांगितलं नसतंस तरी मी हेच लिहिलं असतं.

"दोन दिवस तेवढंच वाचत होता," सान्ना म्हणाली. "मग म्हणाला, राहू दे, पुन्हा कधीतरी. मालक घरी असला म्हणून सतरंजीचं काय अडतं हो?"

मी म्हटलं, "कॉफी घ्या अजून."

एवढंच म्हटलं मी, मेर्वी. मी त्याची आई आहे असं म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून कॉफी निघाली.

ती येत्या गुरुवारी सतरंजी न्यायला येणार आहे. बरोबर मुलगी असेल, एल्ली. फोटो दाखवला तिने. हनुवटी वेसाची आहे. मी कोण ते सांगायचं तर ते उत्तर काय होतं तेही सांगावं लागेल, आणि मग ती मुलीला घेऊन तशीच परत फिरली तर मला बोलायला जागा नाही. नाही सांगितलं, तर सतरंजी गुंडाळून मोटारीत ठेवीन आणि नातीला हात हलवून निरोप देईन, कुणा परक्याच्या पोरीला देतात तसा. ते मला जमणार नाही. सांगणार आहे. तू बुधवारच्या गाडीने ये. माझी जीभ रेटली नाही तर तू बोल.

ते उत्तर अजून नकाशावर आहे. पुसायचं कसं ते तू शिकवलं नाहीस, आणि पुसायचंही नाही मला. काल त्याच्याखाली दुसरं लिहिलं. दोनदा चुकलं. 'घरधनी वारले. आई घरी आहे. केव्हाही ये.'

फोन आता विचारतोय, हे उत्तर उपयोगी पडलं का.

तुझी आणि वेसाची,
आई