दुसऱ्या फेरीची यादी

दहिवली,
शुक्रवार

प्रिय हर्षला,

हे पत्र तुझ्या कागदांच्या पिशवीत, बारावीच्या गुणपत्रिकेच्या मागे ठेवलं आहे. पिशवी उद्या तुझ्या आईकडे परत देईन आणि कॉलेजप्रवेशाचा फॉर्म भरलेला नाही हेही सांगेन. काकू रागावतील. पण तू पत्र शेवटपर्यंत वाच, मगच पिशवी कपाटावर टाक.

काल काकू दुकानात आल्या तेव्हा रांग होती, तरी त्या सरळ पुढे आल्या. "हर्षलाचा फॉर्म भर रं बाबा. ती म्हनते भरायचाच नाय. दादाला माझ्यापरीस जास्त मार्क होते, त्याचं नाव लागलं नाय, तर माझं काय लागनार, असं म्हनते. तू गुपचूप भरून टाक. फोन तुझाच टाक, आमचा काय धड चालत नाय. आन तीनदा बघ, तुझी सवय हाय ती." रांगेतली पोरं हसली. एक जण म्हणाला, "काकू, अकरमदादा स्वतःचं नावपण तीनदा बघून लिहितो." मीही हसलो. पिशवी घेतली आणि काकूंच्या पायांकडे बघत राहिलो. पळसदरीहून चालत आल्या होत्या.

फॉर्म मंगळवारी संध्याकाळी पाचला बंद होतो. म्हणून आधी कामाचं लिहितो. मी अकरावीत शाळा सोडून शशिकांतकाकांच्या या दुकानात बसलो, कारण अब्बा आजारी पडले होते. त्याला आठ वर्षं झाली. मला जे काही लिहितावाचता येतं ते बरंचसं दुसऱ्यांचे फॉर्म भरून आलेलं आहे. कॉलेज मी आतून पाहिलेलं नाही, पण कॉलेजच्या दारापर्यंत जायचा रस्ता मला बहुतेक मास्तरांपेक्षा जास्त माहीत आहे.

तुझ्या वडिलांचं नाव आधारवर नागू आहे आणि शाळेच्या दाखल्यावर नागेश. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापलंय तेच फॉर्ममध्ये लिही, मनाने सुधारू नकोस. फोटोत मागची भिंत पांढरी हवी. तुझ्या फोटोत मागे गोठा दिसतो, तो चालणार नाही. माहितीपुस्तिका लांबलचक आहे, तरी वाच. कंटाळा आला तर तारखांचं पान तरी दोनदा वाच आणि तारखा भिंतीवर लिहून ठेव.

पसंतीक्रम लिहिताना मुलं घाबरतात. जे सहज मिळेल ते वर टाकतात आणि जे खरं हवं ते खाली, किंवा टाकतच नाहीत. तसं करू नकोस. यंत्र वरून खाली बघत येतं. वरचं मागितलं म्हणून खालचं हातचं जात नाही आणि जास्त मागितलं म्हणून कोणी हसत नाही. तुला वनशास्त्र हवं आहे ना? मग पहिल्या ओळीत तेच. तू पाचवीत असताना दुकानात येऊन आंब्याचं पान लॅमिनेट करून मागितलं होतंस, आठवतं? मशीनच्या उष्णतेने पान काळं पडलं. मला वाटलं तू रडणार. तू ते उजेडात धरून म्हणालीस, शिरा आता जास्त चांगल्या दिसतात. तेव्हा तुझा दादा, दशरथ, मला म्हणाला होता, "ही माझ्या पुढं जानार बघ."

दापोलीचं कॉलेज चांगलं आहे. मी एकदा तिथे जाऊन आलो आहे. आत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कलमं आहेत, प्रत्येकाला पत्र्याची पाटी, पाटीवर नाव. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर मुली वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून पाठांतर करत होत्या. तू तिथे शोभशील. मी तिथे का गेलो होतो ते पुढे लिहितो.

मागच्या आठवड्यात अंतरा नावाची मुलगी आली होती, कर्जतमधल्या एका शिक्षकांची. खुर्चीवर बसली, स्क्रीन माझ्याकडून स्वतःकडे फिरवून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही बसा दादा, मी भरते. अडलं तर विचारीन." मला आधी राग आला. आठ वर्षांत कोणी माझी स्क्रीन फिरवली नव्हती. मग वाटलं, सगळ्यांनी अशी फिरवली असती तर.

दशरथ अजून दर सोमवारी येतो. तो माळीकाम करतो त्या बंगल्यावरचे पाहुणे सोमवारी गेलेले असतात, त्याला सुट्टी असते. येताना काहीतरी आणतो, कधी चिकू, कधी करवंदं, परवा फणसाचे गरे. काउंटरवर ठेवतो आणि उभ्यानेच चहा पितो. मागच्या महिन्यात सांगत होता, एका पाहुण्याने बागेतल्या झाडाचं नाव विचारलं. याने मराठी सांगितलं आणि शास्त्रीय नावही सांगितलं. पाहुणा बायकोला म्हणाला, अरे वा, माळी हुशार आहे. दशरथ हे हसत सांगत होता. "माळी हुशार हाय म्हनं रं." रांगेतल्या पोरांना तो नेहमी सांगतो, "फॉर्म भरायचा तर याच्याकडंच. माझा यानंच भरलेला. नाव लागलं नाय ते माझं नशीब, यानं काय कमी केलं नाय." मी तेव्हा प्रिंटरमधला कागद सारखा करत असतो. कागद सरळच असतो.

यंदा त्याची कॉलेजची चार वर्षं पुरी झाली असती. मी मोजत आलो आहे.

हर्षला, आमच्या दुकानाची एक पद्धत होती. मुलांचे फोन रिचार्ज नसल्यामुळे बंद असायचे, ओटीपी यायचा नाही आणि मागची रांग खोळंबायची. म्हणून काकांनी शिकवलं होतं, सरळ दुकानाचा फोन क्रमांक टाकायचा. दशरथने फॉर्म भरला त्या वर्षी त्रेसष्ट मुलांचे निरोप माझ्या हातातल्या एका फोनवर येत होते. निरोपात नाव नसतं, नुसता अर्जाचा क्रमांक असतो. मी वही ठेवली होती, क्रमांक आणि समोर नाव. दशरथचं नाव एकतिसावं.

पहिल्या फेरीत त्याला जागा मिळाली नाही. ते मी नीट बघून सांगितलं होतं. दुसऱ्या फेरीची यादी लागली त्या गुरुवारी रांग चहाच्या टपरीपर्यंत गेली होती. दशरथ सायकलवरून न उतरता लोकांच्या डोक्यांवरून ओरडला, "अकऱ्या, लागलं का रं?" मी एका मुलीची सही स्कॅन करत होतो. मान वर न करता म्हणालो, "नाय रं." पहिल्या फेरीत नाही तर दुसरीत काय लागणार, असा मी मनात हिशेब केला होता. यादी उघडलीच नव्हती. तो "बरं" म्हणाला आणि सायकल वळवून गेला.

एकोणीस दिवसांनी फोनमधली जागा भरली म्हणून मी जुने निरोप पुसत होतो. एक क्रमांक वहीशी लावून पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा. दापोली, कृषी पदवी, पाच दिवसांत कॉलेजात हजर व्हावे. मी तीनदा बघतो ना, ते त्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी अम्मीला मित्राच्या लग्नाला जातो असं सांगून मी दापोलीला गेलो. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, ती जागा पुढच्या फेरीत गेली, तो मुलगा आता वर्गात बसतो, मुदत गेली की आमच्या हातात काही नसतं. मला पाणी दिलं. मुलाला पुढच्या वर्षी भरायला सांगा म्हणाल्या. मी येऊन दशरथला तेवढंच सांगितलं, पुढच्या वर्षी भर. तो म्हणाला, "दोनदा नाय म्हनले ना? बास. तिसऱ्यांदा तोंड घेऊन जायाचं नाय." त्याला दोनदा नाही म्हटलं गेलं नव्हतं. एकदा यंत्राने म्हटलं आणि एकदा मी. हे सांगितलं असतं तर त्याने पुढच्या वर्षी नक्की भरला असता. मी ते सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी सांगू, असं म्हणत चार वर्षांचे सोमवार गेले. पहिली चूक एका क्षणाची होती. दुसरी मी रोज करत आलो.

तुमच्या घरात आता असं झालंय की आपल्या माणसांची नावं यादीत लागत नाहीत. तुझे वडील तसं म्हणतात, काकू तसं म्हणतात आणि आता तूही म्हणायला लागलीस. ते खोटं आहे. तुझ्या भावाचं नाव लागलं होतं. या पत्राच्या मागे टाचणीने एक कागद लावला आहे, त्यावर त्याचं नाव, तारीख आणि कॉलेज आहे. निरोप सापडला त्याच दिवशी मी यादी उघडून त्या पानाची ही प्रत काढली होती. तेव्हापासून ती खणात तळाशी होती.

मंगळवारच्या आत ये. दुकानात माझ्या खुर्चीवर बस, स्क्रीन स्वतःकडे फिरव आणि फोन तुझा टाक. तो बंद पडू नये एवढं मी बघीन. माझ्याकडे यायचं नसेल तर कर्जत स्टेशनजवळ दुसरं दुकान आहे, तिथे जा, पण फॉर्म भर. आणि तुझ्यासमोर यादी न उघडता कोणी नाही म्हणालं, मग तो मी असो की आणखी कोणी, तर उठू नकोस.

रविवारी मी पळसदरीला येणार आहे, दशरथला सांगायला. पाहुणे असतील तर बंगल्याच्या फाटकाबाहेर थांबेन. असं आधीही ठरवलं आहे; एकदा धरणापर्यंत आलो आणि परत गेलो. मला माझी भीती ठाऊक आहे, म्हणून हे आधी तुझ्या हातात लिहून देतो आहे. आता मी परत फिरलो तरी हा कागद फिरणार नाही. रविवारी दुपारपर्यंत मी आलो नाही, तर टाचणी काढ आणि मागचा कागद तूच त्याला दे. मी आलो, तर मी बोलत असताना तेवढी जवळ उभी राहा. तो काय म्हणेल ते मी ऐकून घेईन. त्यानंतर तो सोमवारी आला नाही, तर तेही.

तुझा, आणि परवापर्यंत तरी दशरथचा,
अकरम