चौतीस वर्षांचे पाणी

मी, डोंगराखालच्या झऱ्यावरचा निवृत्त मोजणीदार, वय एकाहत्तर, डोके ताळ्यावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. राहते घर मुलीला. स्वयंपाकघराच्या भिंतीत पाणी ठिबकल्याचा आवाज येतो. प्लंबरने दोनदा भिंत फोडली, आत नळीच नाही. तिने घाबरू नये. तो आवाज बहुधा मला एकट्यालाच येतो.

२. मोजमापाचा डबा, घड्याळ, तापमापक आणि एकतीस वह्या माझ्या जागी आलेल्या मोजणीदार बाईंना. त्यांनी अकरावी वही आधी वाचावी. तिच्यात मी लिहिले आहे: "डोंगरामागच्या भेगेत हिरवा रंग ओतला. दोन वर्षे झऱ्यावर पाहिले. रंग आला नाही. भेगेचा झऱ्याशी संबंध नाही." खाली माझी ऐटबाज सही आहे. ती पाहिली की मला लाज वाटते.

३. मेहुण्याला काहीही नाही. त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला कीड लागू नये म्हणून मारायचे विषारी औषध पडून होते, सोळा पिंपे. "दाजी, संबंध नाही असं तुम्हीच लिहिलंय ना? मग घाबरता कशाला?" असे म्हणत त्याने ती त्या भेगेत रिकामी केली. पिंपे कलती करायला मीही हात लावला, हे मात्र त्याच्या माथी मारता येत नाही.

पुढे पाण्याचे वय काढणारे तपासनीस आले. म्हणाले, हा जुना ज्वालामुखी पाणी पोटात धरून ठेवतो; भेगेत पडलेले पाणी झऱ्याशी यायला चौतीस वर्षे लागतात. मी दोनच वर्षे थांबलो होतो.

४. माझा काचेचा पेला कोणाला देऊ नये, फोडून टाकावा. तेव्हापासून घरात झऱ्यावरून येणारे सकाळचे पहिले पाणी रोज मीच प्यालो. बायको म्हणायची, "एवढी कसली हाव? पाणी काय पळून चाललंय?" तिला सांगायचे माझे धाडस झाले नाही, आणि ती गेली. अजून पेला उचलला की ती मागे उभी आहे असे वाटते. मी वळून पाहत नाही.

गेल्या सोमवारी पेल्यात हिरवी झाक दिसली. खिडकीशी धरून पाहिली, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली. रंग आला आहे. पिंपे रंग ओतल्यानंतर दोन वर्षांनी ओतली होती. म्हणजे हातात दोन वर्षे आहेत. मुलगी याच पाण्यात नातीचे दूध कालवते, आणि खालचे सगळे गाव हेच पिते.

५. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे, अजून दहा वर्षे सहज काढाल. विष त्याआधीच येईल. तेव्हा हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहत कपाटात ठेवू नये. सह्या होताच साक्षीदारांनी ते मुलीला वाचून दाखवावे. मला तोंडाने सांगवत नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलेला असेन. तिने हाक मारली तर येईन.

सही: मोजणीदार
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), आमचे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर
दिनांक: बारा मार्च, सकाळी दहा