एकच मोठं लॉक

मंगळवार, संध्याकाळ. टेमघर.

आमच्या सॉफ्टवेअरच्या अख्ख्या स्टोरेज कॅशला, म्हणजे हाताशी ठेवलेल्या डेटाच्या साठ्याला, एकच लॉक! एक काम आत शिरलं की बाकीची सगळी बाहेर ताटकळत. वर कोडमध्ये लिहिलेलं : 'याला हात लावू नका.' नोकरी सोडून गेलेल्या वैशालीताईंची ही ओळ. सकाळपासून चरफडत होतो त्यांच्यावर.

मी कॅशच्या कप्प्याकप्प्याला वेगळं लॉक लावलं. टेस्टमध्ये वेग वाढला आणि मग सगळं ठप्प. दोन कामांनी एकेक कप्पा धरलेला आणि दोघांनाही समोरच्याचा हवा. धामणकर नाक्यावर समोरासमोर अडकलेल्या रिक्षाच जणू, मागे कुणीच घेईना.

शेवटी ताईंनाच फोन केला. हसल्या. "अरे, मीपण आधी छोटीच लावली होती. अशीच अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिलीज, घरी बाळ तापाने फणफणलेलं. एक मोठं लॉक लावलं नि पळाले. सगळ्यांनी लहान नंबरचा कप्पा आधी धरायचा, म्हणजे कुणी समोरासमोर अडकतच नाही, एवढंच होतं रे. सुचलं तेव्हा राजीनामा देऊन झाला होता."

तसं केलं. सुरळीत चाललं.

'याला हात लावू नका.' सकाळी मला त्यात तोरा दिसला होता. आता दाराकडे धावणारी आई दिसते.

ती ओळ काढली. तिथे त्यांचा नियम लिहिला, खाली त्यांचं नाव.