रावसाहेबांची शेपटी आणि तुझा गुडघा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार अर्ध्यावर अडकलाय. उरलेला मनाने समजून घे.) गुडघा कसा आहे? टाके काढले का? भाचीला आशीर्वाद सांग. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आज मला सगळं बोलायचं आहे. तेव्हा खुर्चीत नीट टेकून बस, पाय वर घे. मासा जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकलं, आता पुढचं वाच.

ऑपरेशनला जाताना तू रावसाहेबांना आमच्या स्वाधीन केलंस, तेव्हा त्यांच्या टाकीत नुसते खडे होते. मला वाटलं, एवढा सोनेरी अंगरखा घातलेला प्राणी खड्यांवर राहतोय, हे काही बरं दिसत नाही. म्हणून मी प्लॅस्टिकचा किल्ला आणला. (आण म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य तुझ्या भावजयीचं आहे, ती रोज म्हणते.) किल्ल्याला खिडकी होती. रावसाहेबांनी त्यातून बाहेर बघायचं मनावर घेतलं, डोकं गेलं, पोट काही जाईना. मी हात घालून सोडवायला गेलो, तर त्यांनी अशी झटापट केली की शेपटी तिरकी फाटली आणि कुशीवरचे खवले निघाले. आयुष्यभर शिंपीकाम केलं ताई, फाटलेलं दिसलं की माझा हात सुईकडे जातो. त्या दिवशी सुईचा काही उपयोग नव्हता.

मग ते तळाशी कोपऱ्यात बसून राहिले, खाणं सोडलं. जखमेवर पांढरं दिसायला लागलं. मी म्हटलं, आपल्याच दुकानातला कापूस उडून पडला असेल. पण तो कापूस वाढत होता. घाबरून मासेवाल्याला (पाळायचे मासे विकतो तो, खायचे नव्हे) कळवलं. तो विचार करून फोन करणार होता, आणि त्याच दुपारी भाचीही तुझ्या डॉक्टरांशी बोलून फोन करणार होती. दोन्ही फोन तुझ्या भावजयीने घेतले, तेही कोटाची बाही लावताना, तोंडात टाचण्या धरून. शिलाई मशीनच्या खडखडाटात मला निरोप मिळाले ते असे : ताण आलाय, अंधारात ठेवा, गर्दी नको. आणि दुसरा : काही लपवू नका, रोज मोकळेपणाने बोला, मन रमवा. कुठला निरोप कुणाचा, ते टाचण्यांतच अडकलं. मी अक्कल चालवली. अंधारात ठेवतात ते माणसाला, माशाला कोण ठेवणार? म्हणून तुला ठेवलं.

तुला फोनवर "रावसाहेब मजेत" असं सांगत राहिलो, फोनही कमी केले (गर्दी नको ना!). इकडे टाकीवर दुकानातला मोठा दिवा लावला आणि रावसाहेबांसमोर बसून मोकळेपणाने बोललो. तुझी भावजयही बोलली. लग्नानंतर आजवर मला जे ऐकवायचं राहिलं होतं, ते सगळं तिने माशाला ऐकवलं, मी शेजारीच कापड बेतत असताना. पलीकडचा न्हावी मन रमवायला म्हणून येऊन शिट्टी वाजवून गेला. रावसाहेब आणखी आक्रसले. मला वाटलं, लाजतायत.

शेवटी मासेवालाच बघायला आला. तो झगमगाट पाहून त्याने कपाळावर हात मारला. "अहो, अंधारात ठेवा म्हणालो होतो! आधीच घाबरलाय तो." मग साधा टब, दिवसभर उघडं ठेवून मुरवलेलं स्वच्छ पाणी, त्याने दिलेलं औषध, आणि टबावर माझ्या दुकानातलं सगळ्यात चांगलं काळं अस्तर. आम्ही पाय न वाजवता चालायला लागलो, मशीनही मी आतल्या खोलीत नेलं. पांढरं हळूहळू ओसरलं. काल अस्तराचा कोपरा उचलून बघितलं, तर रावसाहेबांनी एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला. मला रडू आलं, ताई. तुझ्या भावजयीलाही येत होतं, पण तोंडात टाचण्या होत्या.

शेपटी थोडी वाकडीच राहील म्हणतात. राग काढायचा असेल तर माझ्यावर काढ, रावसाहेबांना बोलू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. : किल्ल्यात आता मी बटणं ठेवतो. चांगली मावतात.

आणखी एक ता. क. : वर टाके काढले का असं विचारलं, ते उगाच. दुसरा निरोप तुझ्याबद्दलचा होता हे कळल्यावर भाचीला फोन केला. जखम चिघळली आहे, ताप येतो, ताट तसंच परत जातं, आणि मामाला कळता कामा नये अशी तू तंबी दिली आहेस, हे तिने रडत सांगितलं. तू मला "मजेत आहे" म्हणत होतीस आणि मी तुला "रावसाहेब मजेत". एका आईची पोरं शोभतो खरी. आता मी लपवणार नाही. मला भीती वाटते आहे, ताई. रावसाहेबांनी खाल्ला तो दाणा अगदी एवढासा होता. तेवढाच एक घास आज घे. थुंकलीस तरी चालेल, पण पुन्हा घे.