राजवाड्याच्या पायऱ्यांवर घेतलेलं नाव

अहो,

बॅग अजून दारातच पडलीय आणि मी तुम्हाला लिहायला बसलेय. आज सकाळीच रशियाहून दुबईला परतले. हो, मी! शेजारच्या वर्षाने जमवलेल्या मराठी ग्रुपबरोबर. तुम्ही गेल्यानंतरची माझी ही पहिली सहल, आणि तिथे जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

खरं तर जायचंच नव्हतं. तुमच्याशिवाय मजा करायची म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटे. पण आपली नात ऐकते थोडीच? "आजी, जस्ट गो ना!"

तीस वर्षं दुबईत काढली, पण आपली सुट्टी म्हणजे सातारा. "रिटायर झालो की जग फिरू," म्हणायचात. थांबलात का? राग आहे माझा, सांगून ठेवते.

रशियातला तो राजवाडा बघायला तुम्ही हवे होतात! बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आम्ही सोळा जण त्या गुळगुळीत लाकडी जमिनीवरून घसरत फिरलो. भिंतीभर सोनं, जिकडेतिकडे आरसे. सगळे तोंड वर करून छत बघत होते. मी मात्र एसीवाल्याची बायको ना! एवढा महाल थंडीत गरम कसा ठेवत असतील, तेच शोधत होते. सापडलं! कोपऱ्याकोपऱ्यात निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या उंचच उंच शेगड्या. तुमच्यासाठी चार फोटो काढलेत.

बाहेर आलो तर पायऱ्यांवर वर्षाने मोबाइल सरसावला. "यल्ला, चला राण्यांनो! राजवाड्यात आलोय, आता प्रत्येकीने उखाणा घ्यायचा." एकेकीने लाजत-मुरडत नवऱ्याचं नाव घेतलं. माझी पाळी आली आणि वर्षा चाचरली. "काकू, तुम्ही व्हिडिओ काढता का, प्लीज?"

तिच्या मनात वाईट नव्हतं हो. विधवेला नाव घे कसं म्हणायचं, एवढंच. पण मला फार लागलं. तुमच्याबरोबर तुमचं नावही माझ्याकडून काढून घ्यायचं?

"वर्षा, नवरा गेलाय माझा. नाव नाही गेलं. धर इकडे मोबाइल."

"सोन्याच्या महालात आरसे हजार,
प्रकाशरावांचं नाव घेते, अजून त्यांचाच शेजार!"

मग काय टाळ्या पडल्या! वर्षा गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता दोघी हसत सुटलो. आमच्या रशियन गाइडला सगळं समजावून सांगितलं, तर तीही लाल होऊन आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन मोकळी झाली. किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले मी!

गेल्या संक्रांतीला वर्षाने मला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तरी मी गेले नसते. काल विमानात ती म्हणाली, "काकू, यंदा तुम्ही आलंच पाहिजे." जाणार आहे. काठापदराची साडी नेसून जाईन आणि सगळ्यांच्या आधी तुमचं नाव घेईन. हे माझं तुम्हाला वचन.

तुमचीच,
सुलभा